इंजिनच्या ब्लॉकला रंग: गॅरेजवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये जुनी अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा जीप जिवापाड सांभाळणारी मंडळी कमी नाहीत. इंजिन ओव्हरहॉलिंगसाठी उतरलं आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनचं मुख्य धड, लेथवाल्याकडे गेला की मालकाच्या डोक्यात एकच येतं: उघडलंच आहे, तर रंगवूनही टाकू. मग फोन सुरू होतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर अंशांचा आणि साफसफाईचा, एवढे दोन प्रश्न वाचा. बाकीचं चहा पिताना वाचलं तरी चालेल.

काका, ब्लॉकला रंग लागतोच का? बॉनेटखाली बघतंय कोण?

बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, ब्लॉक असेल तर लागतो. उघडं बीड फार लवकर गंजतं. मृगाचा पाऊस पडला की लेथवरून आलेला ब्लॉक एका रात्रीत तांबूस दिसू लागतो. वरवरच्या या गंजानं इंजिन काही बंद पडत नाही. पण खरबरीत झालेल्या अंगावर तेल आणि धूळ धरून बसते, आणि मग गळती नेमकी कुठून होते आहे ते समजेनासं होतं. रंगवलेला ब्लॉक फडक्यानं पुसता येतो. मला विचाराल तर रंगाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, शोभा त्यानंतर.

माझ्या गाडीचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तोही रंगवू?

शक्यतो नको. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो आणि तोच त्याला सांभाळतो. शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे रंगालाही तेवढंच ताणावं लागतं आणि कडक रंग तडकतो. नुसतं स्वच्छ धुऊन ठेवा. हौसच असेल तर त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो, तो पुढे येतोच. पद्मिनीत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिथे ब्लॉक रंगवावा आणि हेड तसंच ठेवावं, दिसायलाही ते छान दिसतं. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात दोन्ही बिडाचेच, त्यामुळे दोन्ही रंगवायचे.

किती अंश सोसणारा रंग घेऊ? दुकानदार सहाशेवाला घ्या म्हणतो.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनात कूलंट साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअसवर चालतं. ब्लॉकचं बाहेरचं अंग त्याच्याच आसपास राहतं. चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं, ऑईल त्याहून थोडं जास्त तापतं, लांबच्या घाटात १२०-१३० पर्यंत जाऊ शकतं. म्हणजे ब्लॉक, चेंबर, टायमिंग कव्हर आणि टॅपेट कव्हर यांना दीडशे अंश बिनतक्रार सोसणारा रंग पुरतो. अडीचशेचा घेतला तर हातात भरपूर राखीव राहतं. बाजारात ‘इंजिन इनॅमल’ म्हणून जे स्प्रे मिळतात, ते बहुतेक याच पट्ट्यात, अडीचशे अंशांच्या जवळपास बसतात.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं, गणित मात्र निराळं. तो तीनशेच्या पुढे सहज जातो आणि चढावर ताण पडला तर अंधारात लालसर दिसण्याइतका तापतो. सहाशे अंशांचा रंग त्याच्यासाठी असतो.

मग ब्लॉकलाही सहाशेचाच मारला तर काय बिघडलं? बिघडतं. हे जास्त अंशांचे रंग सिलिकॉन रेझिनचे असतात आणि ते पूर्ण कडक होण्यासाठी एकदा तरी दोनशे अंशांच्या आसपास तापावे लागतात. ब्लॉक तिथपर्यंत कधी पोचतच नाही. त्यामुळे रंग वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आतून कच्चाच राहतो. नखानं ओरखडा उठतो, आणि कार्ब्युरेटरमधून थेंबभर पेट्रोल गळलं की तिथला रंग फडक्याबरोबर निघून येतो. डब्यावरचा आकडा मोठा म्हणजे रंग चांगला, असं नाही. जो भाग जितका तापतो, तितक्याच अंशांचा रंग त्याला द्या.

सियागंजात जाऊन नेमकं काय मागू?

सियागंज म्हणजे इंदूरचा मोठा बाजार. तिथे तुम्ही मागाल ते मिळतं आणि न मागितलेलंही गळ्यात पडतं, म्हणून मागणी पक्की करून जा.

गेट-ग्रिलला लावतात तो साधा सिंथेटिक इनॅमल स्वस्त असतो. कित्येक गॅरेजेस तोच फासून मोकळी होतात. पहिले काही महिने तो झकास दिसतो. पुढे रोजच्या उष्णतेनं पिवळट पडतो, ठिसूळ होतो आणि पेट्रोल लागलं की सुरकुततो. गाडी विकायची असेल तर विकणाऱ्याला तो पुरतो, घेणाऱ्याचं नशीब.

पूर्वी डेंटिंग-पेंटिंगवाले सर्रास एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग वापरायचे. तो झटपट सुकतो, पण पेट्रोलनं मऊ पडतो आणि थिनरमध्ये परत विरघळतो. इंजिनवर त्याचं काम नाही.

दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे रंग आणि हार्डनर वेगळे असलेला, ब्लॉकसाठी उत्तम. ऑईल, पेट्रोल, कूलंट सगळं सोसतो, चकाकी टिकवतो आणि हव्या त्या छटेत मिक्सिंगवाल्याकडून बनवून मिळतो. बहुतेक पीयू १२० ते १५० अंशांपर्यंत नीट काम देतात, मात्र घेताना कंपनीचं माहितीपत्रक मागून आकडा बघून घ्या. एकच सावधगिरी: हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. कार्बन फिल्टरचा, तोंडावर घट्ट बसणारा मास्क पाहिजे आणि मोकळी हवा पाहिजे. घराच्या अंगणात, मुलंबाळं फिरत असताना पीयूचा स्प्रे करू नका. ज्याच्याकडे बूथ आहे अशा पेंटरला द्या.

इंजिन इनॅमलचा स्प्रे कॅन हा घरी काम करणाऱ्याचा सोयीचा मार्ग. पीयूइतका तो कणखर नाही, पण नीट तापवून पक्का केला तर वर्षानुवर्षं टिकतो. चार सिलिंडरच्या ब्लॉकला प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन कॅन धरा.

राहिला हीट रेझिस्टंट अ‍ॅल्युमिनियम पेंट. तो २००, ४०० आणि ६०० अंश अशा दर्जांत मिळतो. मॅनिफोल्डला ६००चा. ब्लॉकला कुणी चंदेरी मारायचा आग्रह धरलाच, तर २००च्या पुढे जाऊ नका.

प्रायमर हवाच का?

पीयूखाली हवाच. बिडावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर सगळ्यात भरवशाचा, तो धातूला घट्ट धरतो आणि दमटपणा आत जाऊ देत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा, लागतो. काही इंजिन इनॅमल थेट धातूवरही चालतात. तसं डब्यावर लिहिलेलं असेल तर दुकानदाराचं न ऐकता डब्याचं ऐका. लाल रेड ऑक्साइड प्रायमर मात्र खिडक्यांच्या गजांनाच राहू द्या. आणि प्रायमर एका कंपनीचा, रंग दुसऱ्याचा असला उद्योग टाळा, दोघांचं पटलं नाही तर वरचा रंग खालच्याला उचलतो.

साफसफाई किती करायची? घासलेटनं धुतला तर पुरे ना?

नाही. शंभर रंग उडाले असतील तर त्यातले बहुतेक इथेच उडालेले असतात, डब्यात नाही.

बीड सच्छिद्र असतं. वीस-तीस वर्षं इंजिन चाललं की तेल त्या छिद्रांत मुरतं. वरून ब्लॉक कोरडा दिसतो. रंग मारल्यावर इंजिन तापलं की आतलं तेल घामासारखं बाहेर येतं आणि रंगाला खालून ढकलतं.

अ‍ॅम्बेसेडरचंच घ्या. डाव्या अंगाला मॅनिफोल्डच्या बरोबर खाली टॅपेटच्या साइड प्लेटा असतात. त्यांच्या कॉर्क गॅस्केटमधून तेल झिरपतं, वरून मॅनिफोल्डची आच लागते आणि वर्षानुवर्षांचं ते तेल डांबरासारखं काळं कडक होऊन बसतं. तिथे ब्रश फिरवून काही होत नाही. जुना पत्रीचा चाकू किंवा स्क्रेपर घेऊन पापुद्रे काढावे लागतात, मग वायर ब्रश, मग पुन्हा स्क्रेपर. प्लेटांच्या वरच्या कडेला बोट घालून बघा. बोट काळं निघतंय तोवर काम संपलेलं नाही.

आता क्रमानं. जाड चिकटा स्क्रेपरनं काढा. मग घासलेट किंवा डिझेल लावून ब्रशनं मऊ करा. पुष्कळजण इथेच थांबतात. पण घासलेट स्वतःच तेलकट असतं आणि त्याचा पातळ थर मागे राहतो. म्हणून नंतर गरम पाणी आणि कडक डिटर्जंट, दोनदा. धुतल्यावर लगेच कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडं करा, बोल्टच्या भोकांतलं पाणी आधी उडवा, नाहीतर रंग मारताना नेमकं तेच ठिबकतं. शेवटी चांगल्या थिनरनं किंवा अ‍ॅसिटोननं पुसा. गॅरेजातलं सुती वेस्ट वापरू नका, त्याचे तंतू चिकटतात; जुनं पांढरं धोतर किंवा बनियन उत्तम. फडकं पांढरंच्या पांढरं निघालं पाहिजे. त्यानंतर उघड्या हातानं ब्लॉकला शिवायचं नाही.

परीक्षा सोपी आहे. थिनरच्या आधीच्या पायरीला ब्लॉकवर पाणी शिंपडा. पाणी पसरून एकसारखा पडदा धरत असेल तर धातू स्वच्छ. थेंब गोळा होऊन मोत्यासारखे बसले तर तेल आहे, पुन्हा धुवा.

फार मुरलेलं तेल असेल तर पुसण्याआधी ब्लॉक उन्हात तापवून किंवा हीट गनच्या झोतात धरून बघा. ओलसर डाग वर आले की पुसा, परत तापवा, परत पुसा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला तोड नाही.

लेथवाला म्हणतो कॉस्टिकच्या हौदात उकळून देतो. देऊ?

बिडाचा ब्लॉक असेल आणि आतली सगळी बेअरिंगं, प्लग, सील काढलेले असतील तर खुशाल द्या, तेल मुळापासून जातं. अ‍ॅल्युमिनियमचा एकही भाग त्या हौदात जाता कामा नये, कॉस्टिक त्याला खाऊन टाकतं. आल्यावर साध्या पाण्यानं भरपूर धुवा, खार राहिला तर रंग फुगतो.

सँडब्लास्टिंग?

पूर्ण उघडलेला, परत धुतला जाणार असलेला ब्लॉक असेल तरच. वाळूचा एक कण ऑईल गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेत, राहिला तर नव्या बेअरिंगचं वाटोळं करतो. मी स्वतः वायर ब्रशवर समाधानी असतो.

गंज आहे थोडा. रस्ट रिमूव्हर लावून वर रंग मारू?

फॉस्फोरिक आम्लाचं रिमूव्हर चालतं, पण बाटलीवर सांगितलं असेल तसं धुऊन कोरडं केल्यावरच. आम्ल राहिलं की इपॉक्सी धरत नाही. ब्लॉकचा खरबरीतपणा लपवायला पुट्टी मात्र भरू नका. बीड तापून फुगतं, पुट्टी फुगत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यातच भेग पडते. ओतकामाच्या वेळचे ते खडबडीत दाणे ब्लॉकचं रूपच आहेत. धारदार कंगोरे असतील तेवढे फाइलनं मोडा.

इंजिन न उतरवता रंगवता येईल का?

येईल, पण अर्धंच. समोरून दिसतो तो भाग रंगतो, मागचा, बेलहाउसिंगकडचा म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचा राहतो. नेमकं तिथेच तेल साचतं. बॅटरी काढा, पेट्रोल लाइन बंद करा, सगळं कागदानं झाका आणि ब्रशनं मारा. स्प्रेचा धुरळा रेडिएटरच्या जाळीत, वायरींवर, रबरावर बसतो. पेट्रोलच्या वासात थिनरचा फवारा मारणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं.

रंगवताना काय काय झाकायचं?

सगळ्यात आधी गॅस्केट बसणाऱ्या सगळ्या मशीन केलेल्या कडा. हेडच्या गॅस्केटखाली रंग गेला तर बसण्यात फरक पडतो आणि हमखास पाणी झिरपतं. मग बोल्टच्या भोकांतले आटे, जुने बोल्ट बोटानं फिरवून बसवले तरी पुरतात. ऑईल प्रेशरचा स्विच, तापमानाचा सेन्सर, डिस्ट्रिब्युटरची बैठक, फ्युएल पंपाची बैठक.

आणि अर्थिंगची जागा! इंजिन ते चेसिस जी जाड पट्टी जाते तिच्या बोल्टखाली धातू उघडा पाहिजे. तिथे रंग राहिला तर स्टार्टर मरगळतो, दिवे मंद होतात आणि करंट भलत्याच वाटेनं, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वगैरे परत जातो. केबल तापून जळाल्याचे प्रकार होतात. मालक बॅटरी बदलून थकतो आणि कारण निघतं रंगाखाली.

इंजिन नंबर झाकायचा नाही, पण त्याच्यावर रंग अगदी पातळ. इन्शुरन्सवाले किंवा आरटीओतले लोक कागद ठेवून पेन्सिलीनं नंबराचा ठसा घेतात. जाड रंगानं खोदलेले आकडे भरले तर ठसा उमटत नाही आणि मग तुमच्यावरच संशय. नंबरवर ग्राइंडर किंवा कडक वायर ब्रश तर चुकूनही फिरवू नका.

इंजिनचा रंग बदलला तर आरसीत नोंद करावी लागते का?

नाही. आरसीत बॉडीचा रंग आणि इंजिनचा नंबर असतो, इंजिनचा रंग नसतो. बॉडीचा रंग बदलणार असाल तर मात्र आरटीओत जावं लागेल.

ब्लॉकच्या आतून लाल रंग मारलेला पाहिला. तो काय?

ते ग्लिप्टलसारखं इन्सुलेटिंग वार्निश. मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे तसलाच लाल द्रव दिसतो. शर्यतीच्या इंजिनात ओतकामातली राहिलेली वाळू जागच्या जागी धरावी आणि तेल लवकर खाली उतरावं म्हणून काही जण आतून मारतात. रस्त्यावरच्या गाडीत त्याच्या नादी लागू नका. जुन्या, तेल मुरलेल्या बिडावर तो धरला नाही तर त्याचे पापुद्रे थेट ऑईल पंपाच्या जाळीत जातात.

रंग कोणता निवडू?

आता खरा गमतीचा प्रश्न. ज्याला कंपनीचा मूळ रंग हवा, त्याचं काम सोपं आहे. इंजिन धुण्याआधी फ्युएल पंपाच्या बैठकीमागे, माउंटिंगच्या ब्रॅकेटखाली किंवा इंजिन नंबरच्या पत्रीमागे हळूच खरवडून बघा. ऊन-तेलाला न लागलेला मूळ रंगाचा तुकडा तिथे हमखास सापडतो. तो घेऊन मिक्सिंगवाल्याकडे जा. इंटरनेटवरच्या फोटोवरून छटा ठरवू नका, प्रत्येक मोबाइलवर वेगळी दिसते.

कंपन्यांनाही इंजिनच्या रंगाचा शौक होताच. अमेरिकेत शेवरलेचा नारिंगी आणि १९६६ पासून फोर्डचा निळा इतके ओळखीचे झाले की बॉनेट उघडताच गाडी कुणाची ते कळावं. आपल्या अ‍ॅम्बेसेडरच्या घराण्यातलंच १४८९ सीसी बी-सिरीज इंजिन इंग्लंडमध्ये एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये जायचं, तिथे ते मरून रंगात असे. त्यामुळे कुणी अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन मरून करा म्हणालं तर मी नाक मुरडत नाही, घराण्याला धरूनच आहे.

इंदूरकरांनी तर या बाबतीत लाजायचं कारणच नाही. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे मागवली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बनवून घेतली. बाहेरून नारिंगी आणि काळी. ड्यूसेनबर्गच्या आठ सिलिंडरच्या त्या ६.९ लिटर इंजिनांना कारखान्यातूनच हिरवागार रंग यायचा आणि आजही जाणकार त्या हिरव्यावरून इंजिन ओळखतात. आणि इंजिन बनवणारं गाव म्हणाल तर पीथमपूर आपल्या दारातच आहे: नंतरच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये आलेलं १८०० सीसी इसुझु इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या पीथमपूरच्या कारखान्यातलं.

मूळ रंगाचा आग्रह नसेल तर माझं मत ऐका: फिकट राखाडी. दिसायला अगदी नीरस. पण त्यावर ऑईलचा एक थेंबही लपत नाही, कूलंटचा पांढरट-हिरवा खार लगेच दिसतो, बारीक चीरही नजरेत येते. काळा रंग भारदस्त दिसतो आणि सगळं लपवतो. ज्याला गळती शोधायची आहे त्यानं तो टाळावा. हिरव्या ब्लॉकवर हिरवं कूलंट गळलं तर देवच वाली. पांढरा उष्णतेनं पिवळा पडतो. भडक लाल-पिवळ्या छटा हेड आणि मॅनिफोल्डजवळ आधी मंदावतात, कारण त्यांची रंगद्रव्यं उष्णतेला नाजूक असतात. काळा, गेरूसारखा लोह-ऑक्साइडचा तांबडा, चंदेरी आणि त्यांच्या मिश्रणातले राखाडी हे चिवट.

भिया, काळा मारला की इंजिन गार राहतं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. उघड्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कुठल्याही रंगवलेल्या पृष्ठभागातून उष्णता जास्त बाहेर पडते, आणि त्या बाबतीत काळा, निळा, हिरवा यांच्यात जवळजवळ फरक नाही. डोळ्यांना दिसणारा रंग वेगळा आणि उष्णतेच्या किरणांना दिसणारा वेगळा. अपवाद चंदेरीचा, त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पूड उष्णता थोडी अडवते. पण पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनात हा सगळा हिशेब चिल्लर आहे, कारण काम रेडिएटर करतो. एअर-कूल्ड स्कूटर-बाइकच्या फिन्सवर मात्र जाड थर देऊ नका. गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट बघा, रंगाला दोष देऊ नका.

ब्रश की स्प्रे?

दोन्ही चालतं. खडबडीत बिडावर चांगल्या मऊ ब्रशनं मारलेला रंग तापल्यावर इतका सपाट बसतो की फरक सांगता येत नाही. स्प्रे असेल तर पहिला हात नुसता धुक्यासारखा, धातू अजून दिसत असलेला. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. सगळे थर मिळून ५० ते ७५ मायक्रॉन पुरे. एकाच जाड हातानं उरकलं की थिनर आत कोंडला जातो आणि पहिल्यांदा इंजिन तापताच बुडबुडे येतात. डब्यावर दुसऱ्या हाताची वेळ लिहिलेली असते. काही इनॅमल पहिल्या तासाभरात दुसरा हात घेतात, नाहीतर थेट आठवड्यानं. मधल्या काळात मारलात तर खालचा रंग सुरकुततो.

रंग मारताना मध्येच गोल खड्डे पडून धातू दिसायला लागला तर तिथे सिलिकॉन आहे असं समजा. डॅशबोर्ड पॉलिशचा फवारा किंवा गॅस्केटचं सिलिकॉन सीलंट त्याच खोलीत वापरलं असेल तर हे होतंच.

कोणत्या महिन्यात काम काढू?

माळव्याची हवा यासाठी सोयीची आहे, चार पावसाळी महिने सोडून. दसऱ्यानंतर डिसेंबरपर्यंत आणि मग फेब्रुवारी-मार्च सर्वांत उत्तम. पावसाळ्यात धुतलेला ब्लॉक पुसेपर्यंत गंजायला लागतो, रंगही दमट हवेत पांढुरका पडतो. मे महिन्यात उन्हात ठेवलेलं बीड इतकं तापतं की स्प्रेचे कण पोचायच्या आधीच वाळतात आणि पोत वाळूसारखा येतो. थंडीत पहाटे दव असतं. धातू दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम असावा असा पेंटिंगवाल्यांचा नियम आहे, म्हणून दहा वाजेपर्यंत थांबा. रंगपंचमीला सुट्टी घ्या. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली की इंदुरात एकच रंग चालतो आणि तो कुठे-कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही.

भट्टीत भाजायचा का?

इंजिन इनॅमल असेल तर साधारण ९३ अंशांवर वीस मिनिटं असं बऱ्याच डब्यांवर असतं. घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते करू नका, वास आणि वाफ अन्नात जाते. ब्लॉक तसाही तिथे मावणार नाही. आठवडाभर सुकू द्या, इंजिन जोडा आणि मग इंजिनलाच भट्टी होऊ द्या: पहिल्यांदा दहा मिनिटं आयडलवर, पूर्ण गार होऊ द्या, मग वीस मिनिटं, पुन्हा गार, मग चालवा. पहिल्या वेळी थोडा वास, किंचित धूर येतो, घाबरू नका. जळक्या तेलाचा निळा धूर आला मात्र तर बंद करा.

मॅनिफोल्डला रंग थांबतच नाही.

थांबणारही नाही, जास्तीत जास्त टिकवायचा. गंज पूर्ण काढून ६००चा रंग पातळ दोन हातांत, प्रायमर न लावता. मग टप्प्याटप्प्यानं तापवा, आधी थोडं, गार, मग जास्त, गार, मग पूर्ण. हे न करता पहिल्याच दिवशी उज्जैनला निघालात तर वाटेतच पापुद्रे उडतील.

क्लियर कोट मारू का, अजून चमकेल?

पीयूवर मारता येतो, इंजिन इनॅमलवर त्याच कंपनीचा असेल तरच. साधा लॅकर पिवळा पडतो. चमकेल खरं, पण नंतर डागडुजी करताना जोड दिसतो.

माझा रंग उडाला. कारण कसं ओळखू?

उडालेला पापुद्रा उलटा करून बघा. मागे काळं तेलकट असेल तर साफसफाई कमी पडली. मागे तांबडी गंजाची पूड असेल तर गंज अर्धवट काढला होता किंवा धुतल्यानंतर पाणी राहिलं होतं. प्रायमरसकट स्वच्छ निघालं आणि धातू चकचकीत असेल तर धातू घासून खरबरीत केला नव्हता. फक्त वरचा रंग निघाला आणि प्रायमर तसाच राहिला तर मधली वेळ चुकली. रंग जागेवर आहे पण मऊ, चिकट झालाय, तर पेट्रोल किंवा ब्रेक ऑईल सांडलंय. ब्रेक ऑईल तर पीयूलाही खातं, सांडताक्षणी पाण्यानं धुवा.

इंजिन धुताना रंग जपायला काय करू?

गार झाल्यावर धुवा, साबण सौम्य वापरा आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचं तोंड डिस्ट्रिब्युटर आणि रंगाच्या कडांपासून लांब ठेवा. डिझेल फवारून चकचकीत करून देणारे भेटतील. धूळ त्यावर आणखी बसते आणि रबरी होज मऊ पडतात.

खर्च कशावर जास्त येईल?

रंगावर नाही. चांगला पीयू आणि इपॉक्सी घेतले तरी ओव्हरहॉलिंगच्या बिलात ते फारसे जाणवणार नाहीत. पैसे जातात ते साफसफाईच्या मजुरीत. पेंटरशी बोलताना ‘रंगाचे किती’ असं न विचारता ‘धुऊन, खरवडून, पुसून देण्याचे किती’ असं विचारा. जो दोन्हींचा वेगळा भाव सांगतो त्याला काम द्या.

उरलेला रंग ठेवू का?

हार्डनर घातलेला रंग काही तासांत दगड होतो, तो ठेवता येत नाही. हार्डनर न घातलेला रंग लहान, काठोकाठ भरलेल्या डब्यात ठेवा, आत हवा कमी राहिली तर साय धरत नाही. झाकणावर छटेचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. इंजिन जोडताना पाना लागून बोल्टच्या डोक्यांवरचा रंग निघतोच, त्याला हाच कामी येतो. हार्डनरची बाटली मात्र घट्ट बंद हवी. एकदा दमट हवा गेली की तो पांढरा पडतो, मग नवा आणा.